फुलतो पण धरत नाही : बाळ्यातल्या एका द्राक्षवेलाचं प्रकरण

आत्याचं घर सोलापुरात बाळ्याला, खंडोबाच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या अंगणात चार लोखंडी पाइपांवर तारा ओढून केलेला मंडप आहे आणि त्यावर एकच द्राक्षवेल. मे संपता संपता त्याची सावली इतकी दाट होते की दुपारची खाट तिथंच पडते. दर ऑक्टोबरात मामा, म्हणजे आत्याचे यजमान, छाटणी करायचे, पंधरा दिवसांत डोळे फुटायचे, घड निघायचे, नोव्हेंबरात फुलोरा यायचा आणि त्याचा मंद गोड वास स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. मग आठ-दहा दिवसांत सगळं गळून जायचं. २०१९ ते २०२२ अशी चार वर्षं या वेलानं हरभऱ्याएवढा एक मणीसुद्धा धरला नव्हता.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या द्राक्षबागांना पीकसल्ला देते. नान्नज, वडाळा, मार्डी हा माझा रोजचा रस्ता. नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण ज्या नान्नजमध्ये निवडून काढले, त्या गावच्या बागांत माझा अर्धा दिवस जातो. तरीही घरच्या वेलाचं निदान करायला मला चार वर्षं लागली, आणि त्यातलं एक वर्ष तर सरळ माझ्या चुकीनं गेलं. २०२१ साली आत्यानं फोन केला, "अगं, यंदा पण गळालं बघ." मी गाडीवर होते. फोनवरच सांगितलं, बोरॉन कमी असेल, पुढच्या वेळी फुलोऱ्याच्या आधी फवारा. फूल न बघता दिलेला सल्ला होता तो.

त्याआधीही उपाय कमी झाले नव्हते. २०२० ला दोष पावसाला दिला. त्या ऑक्टोबरातला पाऊस सोलापूरकर विसरणार नाहीत, त्यामुळे ते कुणालाही पटलं. मामांच्या ओळखीच्या एका बागायतदारानं जीएमध्ये, म्हणजे मणी वाढवायच्या जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, घड बुडवायला सांगितलं, तेही झालं. कुणी म्हणालं मंडपात अंधार आहे, काड्या विरळ करा. केल्या. कुणी मधमाश्यांचं नाव काढलं. पण माश्या तर भरपूर यायच्या, सकाळी आठ वाजता मंडप नुसता गुणगुणायचा. त्यामुळे "परागीभवन होतंय, पुढं कुठंतरी बिघडतंय" असं सगळ्यांनी धरलं. सगळ्यात जास्त चकवलं ते याच माश्यांनी. माशी परागकणांसाठी येते. फुलात गर्भाशय आहे का, हे ती बघत नाही.

शेजारच्या काकांचं म्हणणं वेगळंच होतं : बिनबियांच्या द्राक्षाला परागीभवन लागतच नाही, तेव्हा तो विषयच काढू नका. हा समज बागायतदारांतही ऐकू येतो, म्हणून इथं थोडं थांबते. थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेला सोनाका यांच्या मण्यात बी तयार होत नाही असं नाही. परागकण रुजतो, फलधारणा होते, बी वाढायला लागतं आणि काही आठवड्यांत आतल्या आत जिरतं. चावताना मऊ बारीक कण लागतो तो त्याचाच अवशेष. म्हणजे परागीभवन झालंच नाही तर हे मणीही धरत नाहीत. फक्त त्यासाठी दुसरा वेल किंवा माशी लागत नाही. नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात असतात, आणि टोपी सुटता सुटता परागकण जागच्या जागी पडतात.

अमेरिकेहून आलेला सल्ला

माझा आतेभाऊ नॉर्थ कॅरोलिनात नोकरीला आहे. २०२२ च्या दिवाळीत त्यानं व्हिडिओ कॉलवर ठामपणे सांगितलं, "आई, आपला वेल एकटा आहे म्हणून धरत नाही. दुसरा आणून शेजारी लाव." हे तो हवेत बोलत नव्हता. त्याच्या घरामागं मस्कॅडाइन द्राक्षाचा वेल होता, तो तीन वर्षं जवळजवळ रिकामा राहिला, आणि शेजारी दुसऱ्या जातीचा वेल लावल्यावर धरायला लागला.

मस्कॅडाइन हे आपल्या द्राक्षाचं लांबचं भावंड. शास्त्रीय नाव व्हिटिस रोटुंडिफोलिया. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दमट, उष्ण प्रदेशात ते रानात उगवतं. आपल्या द्राक्षात गुणसूत्रांच्या १९ जोड्या, त्याच्यात २०, त्यामुळे दोघांचा संकरही सहजी होत नाही. घड लहान, मणी जाड सालीचे, आणि पिकले की एकेक करून सुटणारे. रानातले मस्कॅडाइनचे वेल नर वेगळे आणि मादी वेगळे असतात. स्कपरनाँग ही त्यातली जुनी, पिवळसर तांबूस मण्यांची जात तिथल्या एका नदीच्या नावानं ओळखली जाते, आणि २००१ पासून ते नॉर्थ कॅरोलिनाचं राज्यफळ आहे. स्कपरनाँग मादी जात आहे. फ्राय आणि सुप्रीम याही मादी. कार्लोस आणि नोबल यांच्या फुलांत दोन्ही भाग असतात, त्यांना सोबत लागत नाही. मादी वेल लावायचा तर साधारण ५० फुटांच्या आत कार्लोससारखा एखादा वेल हवा. भावानं फ्राय लावला होता, कार्लोस आणल्यावर प्रश्न सुटला.

त्याच्या अंगणापुरता त्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मामांनी दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "पोरी, नान्नजवरनं एखादं रोप आणतीस का? जोडी लावू की." मी म्हटलं, आधी एकदा फुलात बघू द्या. वेल मादी असेल तर जोडीचा उपयोग आहे. नर असेल तर शेजारी शंभर वेल लावले तरी हा एक मणी देणार नाही. आणि दोन्ही भाग धड असतील तर जोडीचा प्रश्नच नाही, मग न धरण्याचं कारण दुसरीकडंच शोधावं लागेल.

नोव्हेंबरातली सकाळ

छाटणीनंतर एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी सातला मी बाळ्याला पोचले. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक शिवणाची सुई, काळा कागद, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनाकाचा एक फुललेला घड, वाटेत एका बागेतून मागून आणलेला. हा दुसरा घड फार महत्त्वाचा. नुसतं एक फूल बघून "बरोबर आहे" की "चूक आहे" हे डोळ्याला कळत नाही. शेजारी धड फूल ठेवलं की शेंबडं पोरही फरक सांगतं.

द्राक्षाचं फूल इतर फुलांसारखं वरून उमलत नाही. पाच पाकळ्या शेंड्याशी चिकटलेल्या असतात. त्या बुडाशी सुटतात आणि सगळं टोपीसारखं वर उचललं जाऊन गळतं. बागेत याला कॅप फॉल म्हणतात. हे बहुतेक सकाळी होतं, म्हणून सातची वेळ. टोपी सुटलेली आणि सुटायच्या बेतात असलेली, दोन्ही प्रकारची फुलं घ्यावीत. न सुटलेल्या फुलाची टोपी सुईच्या टोकानं अलगद वर ढकलली की आतलं काहीही हरवलेलं नसतं.

आधी सोनाकाचं फूल काळ्या कागदावर ठेवलं आणि भिंग आत्याच्या हातात दिलं. मधोमध हिरवी, टुमदार, छोट्या सुरईसारखी आकृती : खाली फुगीर पोट, वर आखूड मान, मानेवर चपटं ओलसर तोंड. तेच गर्भाशय, त्याचाच पुढं मणी होतो. भोवती पाच पुंकेसर ताठ उभे, टोकाला पिवळ्या पिशव्या.

मग आत्याच्या वेलाचं फूल. पुंकेसर पाच, ताठ, सोनाकापेक्षा लांब, परागांनी भरलेले. सुईनं टोचलं तर कागदावर पिवळी धूळ सांडली. आणि मधोमध काहीच नाही. म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा एक चपटा हिरवा ठिपका, त्याला ना मान ना तोंड. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, ह्यात सुरईच नाही की."

वेगवेगळ्या काड्यांवरच्या तीन घडांतून वीस-वीस अशी साठ फुलं उघडली. एकातही गर्भाशय नव्हतं. एवढी फुलं का उघडायची, तर थंडी-उष्णतेनं किंवा अन्नद्रव्याच्या कमतरतेनं एखाद्या घडातली काही फुलं बिघडू शकतात. साठच्या साठ, तीन वेगळ्या जागची, एकसारखीच दिसली म्हणजे ते बिघडलेलं फूल नव्हे, त्या वेलाचा तो स्वभावच आहे. वेल नर होता.

मादी फूल असतं तर चित्र उलटं दिसलं असतं : मध्ये भरीव सुरई, पण पुंकेसर आखूड, वाकडे, बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले, आणि त्यांतला पराग वांझ. मस्कॅडाइनच्या मादी फुलातही पुंकेसर असेच बाहेर वळलेले असतात. पुंकेसर दिसतात म्हणून फूल स्वयंपूर्ण समजण्याची चूक तिथं नेहमी होते. पुंकेसर उभे की झुकलेले आणि मध्ये सुरई आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारले की तिन्ही प्रकार वेगळे होतात.

गळीतही फरक होता, तो आधीच लक्षात यायला हवा होता. पावसाळी हवेतली गळकुज असती तर देठ तपकिरी-काळा पडून ओला कुजला असता. घड जिरला असता तर त्याची आधीच बाळी, म्हणजे वेलाचा नुसता कुरळा ताणा, झाली असती, फुलोऱ्यापर्यंत तो आलाच नसता. इथं फुलं झडून गेल्यावरही देठ चार-पाच दिवस हिरवागार राहायचा, मग पिवळा पडून बोट लावताच कट्कन सुटायचा. ज्या घडावर काहीच धरलं नाही, त्याला वेल असाच सोडून देतो.

मामांचं समाधान होईना, आणि त्यांचं बरोबर होतं. चार वर्षं पाणी घालणारा माणूस एका भिंगावर का विश्वास ठेवील? म्हणून त्याच सकाळी एका घडावर बटर पेपरची पिशवी बांधली, दुसऱ्यावर सोनाकाचा घड सलग तीन सकाळी झटकला, तिसरा तसाच सोडला. नान्नजच्या त्या बागेतही टोपी सुटायच्या आधीच्या एका घडाला तशीच पिशवी घातली. पंधरा दिवसांनी बाळ्याचे तिन्ही घड खाली पडले होते. बागेतल्या पिशवीत मात्र बाजरीएवढे मणी दाटीनं धरले होते, एकही माशी आत न जाता.

मातीखालची गाठ

आता प्रश्न उरला, नर वेल अंगणात आला कुठून? आपण लावतो ते सगळे वाण दोन्ही भाग असलेल्या फुलांचे. नर वेल कुणी विकत नाही.

उत्तर पानात होतं. सोनाकाचं पान मोठं, पसरट, बाजूंनी खाचा पडलेलं. या वेलाचं पान लहान, रुंदीला जास्त, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तेल लावल्यासारखं चकाकणारं, आणि देठापाशी सताड उघडं. कोवळ्या फुटी लालसर. हे खुंटाचं, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या खालच्या वेलाचं, पान होतं. मामांनी २०१८ च्या फेब्रुवारीत ज्या बागेतून उरलेलं कलमी रोप आणलं, त्या बागेत ११० आर हा खुंट वापरला होता. फ्रान्समध्ये रिश्टर यांनी बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या दोन अमेरिकन रानद्राक्षांपासून तयार केलेला हा खुंट. त्याची फुलं नर असतात.

सोलापूरकडं खारवट पाणी, चुनखडीची जमीन आणि उन्हाळ्यात आटणारी विहीर, त्यामुळे बागा स्वतःच्या मुळांवर टिकत नाहीत. म्हणून डॉगरिज किंवा ११० आर असा खुंट जमिनीत आणि त्यावर कलम आपल्या वाणाचं. एकाच वेलात दोन जीव. वरचा मेला तरी खालचा मरत नाही, उलट जोमानं फुटतो.

मी खुरप्यानं बुडाची माती बाजूला केली. वीतभर खाली, खोडाच्या एका अंगाला, सुपारीएवढी गाठ निघाली. तिच्यावर वाळलेल्या काडीचं बोटभर खुंटूक आणि त्याला अजून चिकटलेली कलमपट्टीची पांढरी चिंधी. आत्यानं ती चिंधी हातात घेतली. तिला तो उन्हाळा आठवला. २०१८ च्या मे महिन्यात लग्नासाठी सगळे आठ दिवस गावाला होते, आले तेव्हा रोप वाळलं होतं. पाणी घातल्यावर खालून एक फुटवा आला, आनंद झाला, त्याला काठी लावली, वर चढवला, आळं भरलं तेव्हा माती जरा जास्तच पडली आणि गाठ झाकली गेली. कुणाचंच चुकलं नव्हतं. जगलेला फुटवा आपलाच आहे असं कुणीही समजलं असतं.

नराचं काय करायचं

मामांचा पहिला प्रश्न होता, "औषध मारून बदलत नाही का गं?" ऐकायला भाबडा वाटेल, पण या प्रश्नाला इतिहास आहे. नेगी आणि कॅलिफोर्नियातले द्राक्षशास्त्रज्ञ ओल्मो यांनी १९६६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की नर द्राक्षवेलाच्या फुलोऱ्याला सायटोकायनिन हे संजीवक दिलं तर त्या फुलांत गर्भाशय तयार होतं. म्हणजे नर फुलात मादी भाग मुळातच नसतो असं नाही, तो वाढायचा थांबलेला असतो. त्या खसखशीएवढ्या ठिपक्यात ती शक्यता असते. पण हा बदल दिलेल्या फुलोऱ्यापुरता असतो, वेल नरच राहतो. शिवाय खुंटाचे मणी खाण्याजोगे नसतात. अंगणातल्या वेलावर हा उपाय नाही.

वेल उपटून नवा लावायचा, हा दुसरा मार्ग होता. मी तो मोडीत काढला. पाच वर्षांची मुळं, तीही या जमिनीला मानवलेल्या खुंटाची, आयती मिळाली होती. त्यावर कलम करायचं ठरलं. त्यासाठी आत्याला सावली एक वर्ष सोडावी लागणार होती, आणि तिला तेच सगळ्यात जड गेलं.

२०२३ च्या एप्रिलात खोड जमिनीपासून फूटभर ठेवून कापलं. कापावर पाणी टपकत राहिलं. वेल रडतोय म्हणून आत्या दोन दिवस तिकडं फिरकली नाही. मेमध्ये बुडातून दहा-बारा फुटवे आले, त्यांतले दोन जोमदार ठेवून बाकी मोडले आणि राखलेले बांबूला सरळ बांधले. ऑगस्टअखेर ते पेन्सिलीएवढे जाड झाले. हवेत ओल आणि ऊब दोन्ही असतात, आपल्याकडं कलमं याच दिवसांत बांधतात. सोनाकाची पक्व, दोन डोळ्यांची काडी घेतली, खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासलं, फुटवा दीड फुटावर कापून मधोमध चिरला, पाचर बसवली, निदान एका बाजूची साल सालीला भिडवली आणि पट्टी घट्ट ओढून बांधली. दुसऱ्या फुटव्यावरही तेच.

एक कलम सतराव्या दिवशी फुटलं. दुसरं वाळलं. त्या वाळलेल्या कलमाखालून लगेच चकाकत्या पानांचा फुटवा निघाला, २०१८ साली निघाला होता अगदी तसाच. या वेळी मी आत्याला हाक मारून तो दाखवला आणि तिच्याच हातानं मोडायला लावला.

मामांना एक फुटवा ठेवायचा होता, "परागासाठी असू दे की एक." मस्कॅडाइनच्या मादी वेलाशेजारी तो विचार शोभला असता. सोनाकाला त्याची गरज नाही, आणि खुंटाचा फुटवा कलमापेक्षा इतका जोरात पळतो की दोन वर्षांत पुन्हा मंडपभर तोच झाला असता. नाही ठेवला. गाठ आता जमिनीपासून दीड फूट वर, उघड्यावर आहे. तिच्यापर्यंत माती चढवायची नाही, एवढी एकच सूचना मी मामांना लिहून दिली.

२०२४ च्या एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. नोव्हेंबरात टोप्या सुटायला लागल्या त्या सकाळी आत्यानं मला बोलावलंच नाही. भिंग मी तिच्याकडंच ठेवलं होतं. साडेसातला फोन आला, "सुरई आहे गं. सगळ्यात आहे. मी पंचवीस बघितली." मार्चमध्ये चौदा घड उतरले. मणी बागेतल्यासारखे लांब नव्हते, कारण जीए आम्ही दिलंच नव्हतं. पहिला घड खंडोबाला गेला, बाकीचे गल्लीत.

या मे महिन्यात गेले तेव्हा मंडप तीन चतुर्थांश भरला होता. बुडाशी वाकून बघितलं, गाठीखाली तीन ताजे व्रण होते, फुटवे मोडल्याचे. आत्या म्हणाली, चार आले होते. चौथा कुठंय म्हणून विचारलं, तर तिनं गाठीच्या वरच्या अंगाला बांधलेली एक काडी दाखवली. पान मोठं होतं, खाचा असलेलं, बिनचकाकीचं. "हा आपला आहे," ती म्हणाली, "म्हणून ठेवला."